विहिरीचें पाणी आणि विद्यापीठाची पदवी

आमच्या पांढरपेशा वर्गांत धंदेशिक्षणाचा पुरस्कर्ता नाहीं असा मनुष्य शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर, पदवीदान-समारंभांत, वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत, फार काय, संध्याकाळीं फिरावयास निघालेल्या सेवानिवृत्तांच्या घोळक्यांतहि 'नुसतें पुस्तकी शिक्षण काय कामाचें? मुलांना हातांचें काम शिकविलें पाहिजे' हें वाक्य आपण सर्वांनीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, तें आतां तोंडपाठ झालें आहे. मात्र ह्या वाक्यांतील 'मुलांना' ह्या शब्दाचा अर्थ कोणी विचारीत नाहीं. तो अर्थ 'दुसऱ्यांच्या मुलांना' असा आहे. स्वतःच्या मुलाची बारावीची गुणपत्रिका हातीं आली कीं हेच पुरस्कर्ते संगणक-शाखेच्या प्रवेशयादीपुढें रांग धरून उभे असतात, आणि हातांच्या कामाचें माहात्म्य पुढील व्याख्यानापर्यंत राखून ठेवितात.

हा दोष इतरांच्या पदरीं घालून आम्ही मोकळे होऊं इच्छित नाहीं. कारण आम्ही स्वतःच ह्या अपराधाचे धनी आहों. पांच वर्षांपूर्वीं आमच्या भगिनीचा मुलगा बारावी झाला. एका महाविद्यालयानें जल व मृदा ह्यांच्या व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा व्यावसायिक पदवी-अभ्यासक्रम नुकताच काढला होता, व त्यांत जावें असें त्या मुलाच्या मनानें घेतलें होतें. घरांतला शिकलेला माणूस म्हणून सल्ल्यासाठीं तो आमच्याकडे आला. आम्हीं पोक्तपणाचा आव आणून त्यास विचारलें, "अरे, असल्या पदवीला उद्यां कोण हुंगणार आहे? लग्नाच्या बाजारांत तरी तिला किंमत येईल का?" मुलगा आज्ञाधारक, तो निमूटपणें संगणक-अभियंता झाला. गेल्या उन्हाळ्यांत भगिनीच्या गांवची घरची विहीर आटली. तिच्या बगलेला घेतलेलीं दोन बोअरें कोरडीं गेलीं, आणि पिण्याच्या पाण्यासाठीं टँकरची वाट पाहण्याची पाळी आली. तेव्हां त्यानें आम्हांस फोन करून एकच प्रश्न विचारला: "मामा, आपल्या विहिरीचं पाणी गेलं कुठं?" वाङ्मयाच्या अध्यापनांत केस पिकलेल्या आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं, आणि चार वर्षें अभियांत्रिकी शिकलेल्या त्यालाहि तें ठाऊक नव्हतें. ज्याला तें ठाऊक असतें असा मनुष्य घडविण्याची संधि आमच्याच घरीं चालून आली होती, व ती आम्हींच दवडली. प्रस्तुत लेखास निमित्त झालें तें हें.

हल्लीं 'शाश्वत विकास' हा शब्द सर्वतोमुखी झाला आहे. ग्रो ब्रुंटलांड ह्या नॉर्वेच्या विदुषींच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या जागतिक आयोगानें १९८७ सालीं त्याचा जो अर्थ केला, तो थोडक्यांत असा कीं, आजच्या पिढीनें आपल्या गरजा भागवाव्या, परंतु पुढील पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवितां येणार नाहींत अशा रीतीनें भागवूं नयेत. २०१५ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं ह्या विकासाचीं सतरा उद्दिष्टें ठरविलीं. त्यांतील चौथें शिक्षणाचें असून, तांत्रिक, व्यावसायिक व विद्यापीठीय शिक्षण स्त्रीपुरुषांस समानतेनें व परवडेल अशा खर्चांत मिळावें असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. सहावें पाण्याचें आहे. चौथ्याच्या बैठका शिक्षणखात्यांत भरतात, सहाव्याच्या पाणीपुरवठा-खात्यांत. ह्या दोहोंची गांठ घालून द्यावी असें मात्र कोणासहि वाटत नाहीं. आमच्या मतें तर 'शाश्वत' हा शब्दच आमच्या गैरसमजास थोडाबहुत कारणीभूत आहे. तो ऐकतांच आत्मा, परमात्मा असें कांहीं तरी मनांत येतें व डोळे मिटतात. त्यापेक्षां बाजारांतला 'टिकाऊ' हा शब्द बरा. वस्तु टिकाऊ आहे कीं नाहीं हें आपण तत्त्वज्ञास विचारीत नाहीं. ती घडविणाऱ्यास विचारतों. देशाचा विकास टिकाऊ व्हावयाचा असेल तर तोहि अखेर घडविणाऱ्या हातांवरच अवलंबून राहणार.

आतां महाराष्ट्रापुरतें पाहूं. ह्या प्रांताचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग काळ्या कातळाचा, म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसापासून झालेल्या बेसाल्टचा आहे. गंगेच्या गाळाच्या मैदानांत पाणी जसें खोलवर सांठलेलें असतें तसें तें येथें नसतें. येथें तें असतें वरच्या मुरमाच्या थरांत, आणि त्याखालीं कातळाच्या भेगांत व सांध्यांत. आपल्या पूर्वजांची विहीर ह्या मुरमांतून कातळाच्या माथ्यापर्यंत जाई, पावसाळ्यांत भरे, आणि उन्हाळ्यांत तळाला जाई. तो वर्षाचा वर्षाला चुकता होणारा हिशेब होता. बोअरचें यंत्र त्याच्या कितीतरी खालीं जातें. तेथें भेग लागली तर पाणी लागतें. पण तें पुष्कळदां शेजाऱ्याच्या विहिरीचेंच असतें, किंवा फार सावकाश भरणाऱ्या सांठ्यांतलें असतें. एकानें बोअर घेतली कीं दुसऱ्याची विहीर खालीं जाते. मग दुसरा अधिक खोल बोअर घेतो. ह्या शर्यतीचा शेवट कोठें होतो हें भगिनीच्या अंगणांत आम्हीं पाहिलें.

ही शर्यत अडाण्यांनीं लावली असें कोणी म्हणेल तर तें साफ खोटें आहे. ती शिकलेल्यांनीं लावली. १९७२ च्या दुष्काळानंतर खोल भोकें पाडणारीं यंत्रें व विजेचे पंप गांवोगांव पोंचले. तीं बनविणारे, विकणारे, बसविणारे व दुरुस्त करणारे हे सारे आमच्या तंत्रशाळांत, औद्योगिक प्रशिक्षण-संस्थांत व अभियांत्रिकी महाविद्यालयांत तयार झालेले. पाणी वर कसें काढावें हें आम्हीं त्यांस उत्तम शिकविलें. किती काढावें, काढल्यावर खालीं काय उरतें, आणि उरलेलें कोणाचें, हे तीन प्रश्न मात्र आम्हीं परीक्षेंत कधीं घातलेच नाहींत. हें शास्त्र कोठेंच शिकवीत नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. भूशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत तें शिकवितात, कृषि-अभियांत्रिकींतहि शिकवितात. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणाहि १९७२ पासून काम करीत आली आहे. परंतु वर्गांतून तें शास्त्र शोधनिबंधांत जातें व शोधनिबंधांतून कपाटांत. विहिरीच्या कांठावर उभा राहून तें वापरणारा मनुष्य आम्हीं निर्माण केला नाहीं.

यावर आमचे विद्वान् सहकारी एक ठरीव आक्षेप घेतात. विद्यापीठ हें ज्ञानाचें मंदिर असून तेथें धंदा शिकवूं लागल्यास त्याचें पावित्र्य जाईल, असें त्यांचें म्हणणें. ह्या आक्षेपाचें आम्हांस हंसूं येतें. वैद्यकी हा धंदा नव्हे काय? वकिली हा धंदा नव्हे काय? मुंबई विद्यापीठ १८५७ त स्थापन झालें, त्याच्या आधींच, १८४७ त, रुडकी येथें अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें, व तें निघण्याचें कारण गंगेचा कालवा खोदावयास जाणते लोक हवे होते हें. म्हणजे ज्याला आपण आज उच्च तांत्रिक शिक्षण म्हणून डोक्यावर घेतों, तें ह्या देशांत एका कालव्याच्या कांठींच जन्मास आलें. तेव्हां भेद ज्ञान आणि धंदा ह्यांचा नाहीं. भेद आहे तो कपड्यांस चिखल न लागणाऱ्या धंद्यांचा आणि लागणाऱ्या धंद्यांचा. आणि हा भेद आमच्याकडे कोणत्या उगमांतून आला आहे हें सांगावयास इतिहासाचा पंडित नको. ज्योतीराव फुल्यांनीं १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या पुस्तकांत शेतांची धूप, बांध, तलाव आणि शेतकऱ्याच्या मुलांचें शिक्षण हे विषय एकत्र हाताळले, तेव्हां त्यांना जें दिसलें तें आमच्या विद्यापीठांस अद्याप दिसावयाचें आहे.

दुसरा आक्षेप मात्र हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, आणि तो ज्या बाजूनें येतो तिच्याविषयीं आम्हांस आदर आहे. तो असा: "पिढ्यान्‌पिढ्या आम्हांस हातांच्या कामाला जुंपलें, आतां कोठें आमचीं मुलें विद्यापीठाच्या दारांत आलीं, तों तुम्ही त्यांस पुन्हां हत्यारांकडे वळवितां!" ही भीति निराधार आहे असें कोण म्हणेल? बाबासाहेब आंबेडकरांनीं कोलंबिया व लंडन येथें अर्थशास्त्राचा अभ्यास केला, आणि पुढें १९४२ ते १९४६ ह्या काळांत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत असतांना दामोदर खोऱ्याच्या योजनेस आकार देण्यांत मोठा भाग घेतला. त्यांस लहानपणीं कोणी 'तुझ्यासाठीं हातांचें काम बरें' म्हणून परत पाठविलें असतें, तर देशाचें केवढें नुकसान झालें असतें! म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, जें धंदेशिक्षण जन्मावरून वांटलें जातें, आणि ज्याच्यावर चढावयास जिना नसतो, तें शिक्षण नव्हे. तें जुनेंच वेठबिगार नव्या कागदावर लिहिलेलें आहे. १९३७ त वर्धा येथें गांधीजींच्या नेतृत्वाखालीं नई तालीमची योजना पुढें आली, तेव्हां आमच्या वर्गानें तिला मनःपूर्वक वंदन केलें, आणि आपलीं मुलें इंग्रजी शाळांत घातलीं. अशा वंदनापेक्षां उघड विरोध पत्करला असता.

आतां उलट बाजूचे लोक पाहूं. हे 'कौशल्यविकासा'चे प्रचारक. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणांत असें नमूद आहे कीं, बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजाप्रमाणें १९ ते २४ वयाच्या भारतीय कामकऱ्यांत रीतसर धंदेशिक्षण घेतलेले शेंकडा ५ हूनहि कमी होते, व जर्मनींत हेंच प्रमाण शेंकडा ७५, तर दक्षिण कोरियांत शेंकडा ९६ होतें. २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांस धंदेशिक्षणाचा परिचय व्हावा असेंहि त्या धोरणानें म्हटलें होतें. हे आंकडे लज्जास्पद आहेत, यांत शंका नाहीं. परंतु प्रचारक तेवढ्यावर थांबतात. जणूं काय पांचाचे पंचाहत्तर झाले कीं कार्यभाग उरकला. काय शिकविलें हें कोणी विचारावयाचें? बोअर पाडणारे आज हजार असतील ते उद्यां प्रमाणपत्रधारी लाख झाले, तर टक्केवारी वाढेल आणि पाणी लौकर संपेल. कौशल्य ही धार आहे. ती कशावर चालवावयाची हें कौशल्य स्वतः सांगत नाहीं. जर्मनीचें उदाहरण द्यावयाचें तर तें पुरतें द्यावें. तेथील उमेदवार कारखान्यांत काम करतो आणि त्याच आठवड्यांत शाळेंतहि बसतो; तेथील 'माइस्टर', म्हणजे कसबी उस्ताद, राष्ट्रीय पात्रताक्रमांत विद्यापीठाच्या पदवीधराच्या बरोबरीनें सहाव्या पायरीवर बसविलेला आहे; आणि २०२१ पासून नव्यानें आंखलेल्या प्रत्येक धंद्याच्या शिक्षणक्रमांत पर्यावरणरक्षण व टिकाऊपणा हा भाग सक्तीचा आहे. मान, जिना आणि मर्यादेचें भान ह्या तीन गोष्टी तेथें एकत्र नांदतात. आम्ही त्यांतला फक्त आंकडा उचलला.

आमच्याकडेहि कागद कमी नाहींत. २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य-पात्रता आराखड्यांत जिना रेखाटलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१४ त काढलेल्या बी. व्होक. पदवींत शेंकडा ६० भाग कौशल्याचा व ४० भाग सामान्य शिक्षणाचा ठेविला आहे. योजना म्हणून ही उत्तम. परंतु आम्ही ज्या महाविद्यालयांत ही पदवी जवळून पाहिली, तेथें तिचे वर्ग सायकलींच्या छपरीमागील खोलींत भरत. तिचा अध्यापक सहा सहा महिन्यांच्या कराराचा असे, आणि इतर प्राध्यापक तिच्या विद्यार्थ्यांस 'ते व्होकवाले' म्हणत. ज्या घरांत सुनेला स्वयंपाकघराबाहेर येऊं देत नाहींत, त्या घरानें 'आमची सून फार बुजरी' अशी तक्रार करावी, तसेंच ह्या पदवीला विद्यार्थी मिळत नाहींत ही तक्रार आहे.

शिक्षणाचा पैसा आमच्या प्रांतांत कोठें गेला हेंहि एकदां बोलून टाकलेलें बरें. १९८३ सालीं सरकारनें विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांस वाट मोकळी करून दिली, आणि साखर-कारखानदारीच्या आश्रयानें तीं भराभर उभीं राहिलीं. लागवडीच्या जमिनीचा अगदीं थोडा भाग व्यापून सिंचनाच्या पाण्याचा मात्र निम्म्याहून अधिक वांटा पिणारें ऊंस हें पीक. त्याच्या पैशावर उभारलेलीं विद्यालयें. आणि त्यांत शिकवितात काय, तर ज्यांचा ऊंस, माती व पाणी ह्यांच्याशीं कांहीं संबंध नाहीं अशा शाखा! आमच्या पाहण्यांत असें एक आवार आहे, जेथें अभियांत्रिकीच्या चार शाखा चालतात, आणि वैशाखांत वसतिगृहाला टँकर येतो. त्या चार शाखांच्या अध्यापकांपैकीं एकालाहि हा टँकर आपल्या विषयांतला प्रश्न वाटत नाहीं, यापरतें आमच्या उच्च शिक्षणावर अधिक कडक टीका कोणती करावयाची?

बरें, हें अन्यथा होऊंच शकत नाहीं असेंहि नाहीं. विलासराव साळुंखे हे अभियंते व कारखानदार. ते १९७२ च्या दुष्काळांत पुरंदर तालुक्यांत गेले, आणि नायगांव येथें त्यांनीं पाणी-पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या हिशेबानें न देतां माणसांच्या हिशेबानें द्यावयाचें, माणशीं अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर, भूमिहीनासहि वांटा, उसाला बंदी. पंप बसविण्याचें ज्ञान त्यांनीं पाठशाळेंतून नेलें असेल. परंतु तें टिकाऊ झालें तें ह्या नियमांमुळें. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेंतून अन्नशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले संशोधक. त्यांनीं १९८३ त पाबळ येथें विज्ञान आश्रम काढला, व शाळेंतून गळालेल्या ग्रामीण मुलांना काम करतां करतां विज्ञान शिकविलें. भूगर्भांतील पाण्याचा अदमास घेण्यासाठीं लागणारें, जमिनीची विद्युत्-रोधकता मोजणारें स्वस्त यंत्र त्या आश्रमांत बनलें. आमच्या विद्यापीठांनीं ज्यांस नापास म्हणून टाकून दिलें, त्यांच्या हातांत तेथें तें यंत्र आलें, हें वाक्य प्रत्येक कुलगुरूंनीं आपल्या टेबलावर लिहून ठेवावें. हिवरे बाजारचे पोपटराव पवार वाणिज्य-शाखेचे पदव्युत्तर पदवीधर. जमाखर्चाची विद्या त्यांनीं पावसाला लावून दाखविली: किती पाऊस पडला, किती मुरला, पिण्यास किती, पिकास किती, असा गांवाचा ताळेबंद ग्रामसभेपुढें मांडून मग पिकें ठरवावयाचीं.

परंतु ह्या तिघांची नांवें घेऊन टाळ्या वाजविणें हा आमच्या वर्गाचा आणखी एक आवडता पळमार्ग आहे. थोर पुरुष गांवोगांव निपजत नसतात; म्हणून तर शाळा काढाव्या लागतात. एका साळुंख्यांना जें सुचलें तें साधारण बुद्धीच्या शंभर तरुणांस येऊं लागावें, हेंच शिक्षणाचें काम. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यानें खोल विहिरींवर निर्बंध घातले, २०१९ त निघालेल्या अटल भूजल योजनेनें गांवांनीं पाण्याचे ताळेबंद करावे असें ठरविलें. कायदा झाला, योजना झाली. पण साठ मीटरांची खोली मोजावयाची कोणीं, आणि ताळेबंद मांडावयाचा कोणीं? दोन दिवसांच्या शिबिरांत डॉक्टर तयार होत नाहीं हें आपणांस समजतें. जलवैद्य मात्र तसा तयार होईल अशी आपली श्रद्धा आहे.

आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. पहिली ही कीं, प्रत्येक तालुक्यांतील एका तरी महाविद्यालयानें आसपासच्या गांवांच्या विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वीं व नंतर विद्यार्थ्यांकडून मोजवून घ्यावी, व गांवाचा पाण्याचा ताळेबंद हीच पदवीची परीक्षा समजावी. परीक्षक म्हणून गांवकऱ्यांस बसवावें. दुसरी, अशा पदवीस एम्. एस्‌सी. व संशोधनाचा मार्ग मोकळा असावा, आणि औद्योगिक प्रशिक्षण-संस्थेंतून आलेल्या पंप-कारागिरासहि त्या जिन्यावर चढतां यावें. तिसरी, विहीर बांधणारा गवंडी, पाणलोटाचें काम उभें केलेला शेतकरी ह्यांस अध्यापक म्हणून मानानें बोलवावें. त्यांच्याजवळ डॉक्टरेट नाहीं ही अडचण आमची आहे, त्यांची नव्हे. चौथी व सर्वांत महत्त्वाची ही कीं, पांच-दहा ग्रामपंचायती मिळून एक पगारी जल-तंत्रज्ञ नेमण्याची कायम व्यवस्था सरकारनें करावी. जागा न निर्माण करतां पदवी देणें ही तरुणांची शुद्ध फसवणूक होय, आणि आमच्या भाच्यास आम्हीं जें विचारलें त्यांत तेवढा सत्यांश होता.

पांचवी सूचना सरकारला नाहीं, वाचकांना आहे. जोंवर ह्या वर्गांत आमचीं आपलीं मुलें बसत नाहींत, तोंवर त्या खोलीला सायकलींच्या छपरीमागून कोणी पुढें आणणार नाहीं. ज्या शाळेंत कलेक्टरांचा मुलगा जातो तिचें छप्पर गळत नाहीं, हा नियम सर्वांस ठाऊक आहे. धंदेशिक्षणाला मान मिळाल्यावर आम्ही आमचीं मुलें पाठवूं असें म्हणणें, म्हणजे पोहतां आल्यावर पाण्यांत उतरूं असें म्हणण्यासारखें आहे.

यंदा आमच्या भगिनीची धाकटी मुलगी बारावीला आहे. आटलेल्या विहिरींत दोर सोडून तिची खोली मोजणारी घरांत ती एकटीच होती, आणि तो आंकडा तिनें भिंतीवर तारखेसह लिहून ठेविला आहे. जूनमध्यें ती सल्ल्यासाठीं आमच्याकडे येईल. आमच्या वर्गाची सर्व ठरीव वाक्यें अद्याप आमच्या जिभेवर आहेत, आणि तीं बाहेर पडणार नाहींत अशी खात्री आम्ही स्वतःविषयीं देऊं शकत नाहीं. पन्नास वर्षांची संवय एका लेखानें जात नाहीं. म्हणूनच हें छापून ठेवीत आहों. आम्हीं पुन्हां लग्नाच्या बाजाराचा दाखला दिला, तर तिनें हा अंक आमच्यापुढें धरावा.